सोसायटीची बंदूक

जयदुर्गा सोसायटीच्या ऑफिसात भिंतीला एक लाकडी फळी आहे. फळीवर पाच खिळे, खिळ्यांना पाच किल्ल्या, आणि प्रत्येक खिळ्याखाली पांढऱ्या ऑइलपेंटनं नाव लिहिलेलं : टाकी, गच्ची, मीटर, लिफ्ट, बंदूक.

विक्रोळीतल्या या सात मजली इमारतीत बाहेरचा कोणी आला, की पाचव्या खिळ्यापाशी त्याची नजर अडखळते. आतल्या लोकांना त्यात विशेष काही वाटत नाही. टाकी भरली की पंप बंद करायला कोणीतरी लागतं, तसंच चोर आला की बंदूक काढायला कोणीतरी लागणार. आणि बंदूकवाला नेमका त्याच वेळी अंघोळीला बसलेला असला तर? असा साधा, सरळ, घरगुती विचार करून वार्षिक सभेनं तो खिळा एकमतानं मंजूर केला होता.

बंदूक तिसऱ्या मजल्यावरच्या धाकू राजाराम परब यांची. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घाटकोपरच्या एका बँकेच्या दारात अण्णांनी अठ्ठावीस वर्षं काढली. खाकी शर्ट, लोखंडी स्टूल, दोन गुडघ्यांच्या मध्ये स्वतःच्या परवान्यावरची दुनळी बंदूक. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकही गोळी झाडली नाही. लोक पदकं सांगतात तसं अण्णा हे सांगत. "बंदूक मारूची नसता," ते म्हणत, "दाखवूची असता."

निवृत्तीनंतर दाखवायला कोणी उरलं नव्हतं. कपाट उघडायचं, नळी पुसायची, कपाट बंद करायचं, एवढंच चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी, भरदिवसा अकरा वाजता, दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाकाकूंकडे गॅसची पाइपलाइन तपासायला म्हणून दोघं आले. त्यांनी काकूंना त्यांच्याच ओढणीनं खुर्चीला बांधलं, हातातल्या बांगड्या काढल्या आणि जाताना पंखा चालू ठेवून गेले. काकू चार तास तशाच होत्या. सुटल्यावर त्या पोलिसांकडे गेल्या, डॉक्टरकडे गेल्या, आणि शेवटी तिसऱ्या मजल्यावर येऊन अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही वर आहात म्हणून आता या घरात राहते. नाहीतर विकून टाकलं असतं."

कोणी आपल्याला असं काही म्हणेल याची अण्णांनी आयुष्यभर वाट पाहिली होती. बँकेनं तर निरोप समारंभात भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं.

पुढचं सगळं सेक्रेटरी देवदत्त रेगे यांनी केलं. रेग्यांची नोकरी विमा कचेरीत गेलेली, त्यामुळे ठराव लिहिण्याचा हात चांगला. आठवड्याभरात गेटवर पाटी लागली : 'सावधान. या इमारतीत परवानाधारक बंदूक आहे.' दुसऱ्या आठवड्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की ही पाटी चोरही वाचणार आणि बंदूकच चोरायला येणार. तेव्हा दुसरा ठराव झाला : बंदुकीच्या संरक्षणासाठी परवानाधारकानं शक्यतो घरी राहावं. 'शक्यतो' हा शब्द अण्णांनी स्वतः उठून खोडला. तेव्हापासून ते गावी गेले नव्हते, चुलत्याच्या बाराव्याला गेले नव्हते, चष्म्याचा नंबर बदलायला गेले नव्हते. रोज सकाळी आठ दहाला खाली उतरून गेटपर्यंत एक फेरी मारायची आणि दहा मिनिटांत वर. बस.

"अण्णा," त्यांचा मुलगा नितेश एकदा म्हणाला होता, "चोर येऊ नये म्हणून बंदूक. बंदूक आहे म्हणून चोर येईल ही भीती. म्हणून तुम्ही घरात. मग नक्की कोण कोणाचं रक्षण करतंय?"

"ह्येकाच सुरक्षा म्हणतत," अण्णा म्हणाले आणि भाकरी मोडली.

नितेश तेहतीस वर्षांचा. अंधेरीच्या एका कंपनीत, लोकांच्या ऑनलाइन तक्रारींना 'आम्ही दिलगीर आहोत' असं कळवायची त्याची नोकरी. दिवसाला दोनशे वेळा दिलगीर होऊन घरी आलेला माणूस बापाशी किती भांडणार? त्याच्या बायकोचं, श्वेताचं तसं नव्हतं. ती भांडतही नसे. ती फक्त ठरवत असे.

बावीस दिवसांपूर्वी तिनं ठरवलं. दुपारी अण्णा खाटेवर पेपर पसरून बंदूक पुसत होते आणि शेजारी गार्गी खेळत होती. गार्गी नऊ महिन्यांची, दात येत होते, मिळेल ते तोंडात. श्वेता स्वयंपाकघरातून आली तेव्हा गार्गीच्या तोंडात लाल काडतूस होतं आणि ती मोठ्या समाधानानं त्याची पितळेची बाजू चावत होती. श्वेता ओरडली नाही. तिनं काडतूस काढून घेतलं, नळाखाली धुतलं, पुसलं. मग बॅग भरली. संध्याकाळी ती मुलुंडला माहेरी होती.

"बंदूक किंवा आम्ही," तिनं फोनवर सांगितलं. "घाई नाहीय. नीट विचार कर. पण गार्गी ज्या घरात रांगणार, त्या घरात ते नको."

"अगं, मी बोलतो अण्णांशी."

"तू दोन वर्षं बोलतोयस, नितेश."

अण्णांनी ऐकून घेतलं आणि खिडकीकडे तोंड केलं. "माझी चूक झाली," ते म्हणाले. "परत होवची नाय. पण बंदूक जावची नाय. खालची बाई निजतली कशी?" नितेश तिथून उठला. त्यानं विमलाकाकूंच्या मनगटावरचे ओढणीचे वळ पाहिले होते.

राहिला एकच मार्ग, निवडणूक. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात, महिना दीड महिना घरात नुसतं कपाट. महापालिकेची निवडणूक तीन वर्षं रखडली होती. संपूर्ण मुंबईत तिची मनापासून वाट बघणारा, आणि तीही उमेदवारी नको असताना, बहुधा नितेश परब हा एकटाच माणूस असेल. तो रोज बातम्या बघायचा. रोज निवडणूक पुढे जायची. मुलुंडला गार्गी धरून उभी राहायला लागल्याचा व्हिडिओ आला. तो त्यानं एकोणीस वेळा बघितला आणि मंगळवारी सकाळी आठ अकराला, अण्णा गेटच्या फेरीवर असताना, सोसायटीच्या ऑफिसात जाऊन पाचव्या खिळ्यावरची किल्ली काढली.

रजिस्टरमध्ये सही केली. 'कारण' या रकान्यात लिहिलं : सफाई.

नऊ मिनिटांत बंदूक सुटी करून त्याच्या जुन्या क्रिकेटच्या बॅगेत आणि काडतुसं स्टीलच्या डब्यात गेली. कपाट पुन्हा बंद करून, किल्ली खिळ्याला परत लावून, तो रिक्षात बसला. एवढं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. ते तसं नव्हतंच.

"काय आहे?" पोलीस ठाण्यातल्या हवालदार शेलारांनी विचारलं.

"बंदूक जमा करायचीय."

"कोणाची?"

"वडिलांची."

"वडील कुठायत?"

"घरी."

"परवाना?"

"त्यांच्या उशीखाली."

शेलारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तू विनापरवाना बंदूक घेऊन मुंबईत फिरलास."

"फिरलो नाही साहेब. सरळ इथे आलो."

"कशानं?"

"रिक्षानं."

"म्हणजे रिक्षावाल्यानं पण फिरवली," शेलार म्हणाले आणि आत जाऊन मॅडमना घेऊन आले.

उपनिरीक्षक स्वरदा मॅडम वयानं नितेशपेक्षा लहान असाव्यात. त्यांनी बॅगेची चेन उघडली, आत पाहिलं, बंद केली. "परवानाधारक स्वतः आल्याशिवाय मला ही जमा करून घेता येणार नाही."

"मग परत नेतो."

"या दारातून बाहेर पडलात, की तुमच्याकडे बेकायदा शस्त्र आहे. अटक करावी लागेल."

नितेशनं दाराकडे पाहिलं. उंबरठा सहा इंचांचा होता. "आणि दाराच्या आत?"

"आत तुम्ही माहिती द्यायला आलेले नागरिक आहात."

"मग मी...?"

"बसा ना. चहा घेणार?"

नितेश बाकावर बसला. बॅग कुठे ठेवायची कळेना, म्हणून दोन गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली आणि वर दोन्ही हात ठेवले. समोरच्या काळपट काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं आणि तो दचकला. अण्णांची मिशी तेवढी यायची राहिली होती.

त्यानं अण्णांना फोन लावला. अण्णांनी कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. मग मुलुंडला लावला.

"कुठेयस?" श्वेता म्हणाली.

"पोलीस स्टेशनला. बंदूक घेऊन आलोय. जमा करायला."

 मग श्वेताचा आवाज जरा मऊ झाला. "खरंच? झाली?"

"घेत नाहीयेत. अण्णा हवेत."

"मग निघ तिथून."

"निघालो तर अटक करतील."

"आणि थांबलास तर?"

"थांबलो तर चहा देतायत."

"नितेश, मला नीट सांग, तू सुटलायस की अडकलायस?"

"ते उंबरठ्यावर आहे गं सगळं," तो म्हणाला. श्वेतानं फोन ठेवला.

साडेनऊला त्याला लघवी लागली. शौचालय मागच्या अंगणात होतं. अंगण हे दाराच्या आत धरायचं की बाहेर, यावर शेलार आणि मॅडम यांची थोडी चर्चा झाली. मॅडम म्हणाल्या, अंगण कंपाउंडच्या आत आहे, हरकत नाही, फक्त बंदूक घेऊन जायचं नाही.

"मग ठेवू कोणाकडे?"

"आम्हाला घेता येत नाही," शेलार म्हणाले. "सांगितलं ना."

"इथे बाकावर ठेवून जाऊ?"

"ठाण्यात बेवारस बंदूक?" शेलारांनी हळहळत मान हलवली. "मग तुझ्यावर अजून एक कलम लागंल रे."

नितेश पुन्हा बसला. पाय जरा जवळ घेऊन बसला.

साडेदहाला अण्णा आले. इस्त्रीचा खाकी शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत परवान्याचं पुस्तक. गेट सोडून एवढ्या लांब ते दोन वर्षांत पहिल्यांदाच आले होते. बाकासमोरून ते असे गेले, की बाकावर कोणी बसलेलंच नाही.

"नमस्कार," पोलिसांशी ते शुद्ध बोलत. "तक्रार द्यायची आहे. माझी बंदूक चोरीला गेली. शस्त्र हरवलं तर ताबडतोब कळवायचं, असा नियम आहे."

"कोणावर संशय?" शेलारांनी विचारलं.

"संशय नाही. खात्री आहे." आणि मागे न बघता अण्णांनी अंगठा खांद्यावरून बाकाकडे केला.

"अण्णा!" नितेश उठला.

"बस तू थंयच. साहेबांच्या परवानगीशिवाय उठू नको."

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. "कपाट कसं उघडलंत?" त्यांनी नितेशला विचारलं.

नितेशला सोसायटीचं ऑफिस आठवलं. फळी, खिळे, ऑइलपेंट हे सगळं सात वर्षं एकाच इमारतीत राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांनी त्यानं आजपर्यंत बघितलं होतं. आता ते पहिल्यांदाच पोलिसांच्या डोळ्यांनी दिसलं. बंदूक कुलपात ठेवायची, किल्ली कोणाच्या हाती लागू द्यायची नाही, हे परवान्यावरच छापलेलं असणार. खरं सांगितलं तर अण्णा अडकत होते.

"कुलूप तोडलं," तो म्हणाला.

अण्णा गर्रकन वळले. मुलाकडे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "खोटा बोलता हो! माझा कुलूप शाबूत आसा. माझा कुलूप ह्याच्यान तुटात? ह्याच्यान लोणच्याची बरणी उघडत नाय."

"अण्णा, गप्प बसा ना."

"कित्याक गप्प? मॅडम, किल्ली सोसायटीच्या ऑफिसात फळीवर होती. बंदूक असं लिहिलेलं आहे खाली. ह्यानं तिथून घेतली."

बाहेर कोणीतरी रिक्षा रिव्हर्स घेत होतं.

"बंदुकीची किल्ली," मॅडम सावकाश म्हणाल्या, "फळीवर. म्हणजे कोणीही घेऊ शकतं?"

"कोणीही कशी घेईल?" अण्णांना तो प्रश्न अपमानकारक वाटला. "रजिस्टरमध्ये सही करावी लागते."

शेलार उगाचच पाणी प्यायला गेले. मॅडमनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "आजोबा, नीट ऐका. हे फळीचं मी लिहिलं, तर परवाना जाईल आणि वर गुन्हा तुमच्यावर. तुमची चोरीची तक्रार लिहिली, तर मुलगा आत. दोन्ही लिहिलं, तर दोघेही."

"आणि बंदूक?" बापलेकांनी एकदम विचारलं.

"बंदूक तिन्ही वेळा इथेच राहणार. खटला संपेपर्यंत. म्हणजे," मॅडमनी जरा हिशेब केला, "तुमच्या घरात कोणी बाळ असेल ना, ते कॉलेजात जाईपर्यंत."

आपल्याला तोफेच्या तोंडी द्यायला सख्खा बाप पॉलिश करून आलाय, हे नितेशला अजून पुरतं पचलं नव्हतं. पण अण्णांच्या कपाळावर घाम आलेला त्यानं पाहिला. नियमांच्या आधारानं अठ्ठावीस वर्षं ताठ उभ्या राहिलेल्या माणसाला नियम चारी बाजूंनी एकदम भेटले होते.

"एक विचारते," मॅडम पंख्याकडे बघत म्हणाल्या. "परवानाधारकानं लेखी अधिकारपत्र दिलं असेल, तर काही कामांसाठी दुसरा माणूस शस्त्र आणू शकतो. मग चोरीचा प्रश्नच येत नाही आणि कपाट कसं उघडलं हे मी विचारायचं कारण उरत नाही. असं काही पत्र आज सकाळी दिलं होतं का तुम्ही? आठवून बघा."

अण्णांनी आठवून बघितलं. "नाही," ते म्हणाले.

"पुन्हा आठवा."

"मॅडम, मी ड्यूटीच्या वहीत कधी खोटी वेळ घातली नाही."

नितेशनं डोळे मिटले. शेलारांनी तोवर डबा उघडून काडतुसं टेबलावर ओळीनं मांडली. "किती होती?"

"दहा," अण्णा तत्काळ म्हणाले.

शेलारांनी मोजली. पुन्हा मोजली. "नऊ."

अण्णांनी ओळीवरून एकदा नजर फिरवली. मग ते म्हणाले, "नऊच होती."

"आत्ता दहा म्हणालात."

"नऊ. वय झालं माझं. चुकलो."

नितेशनं डोळे उघडले. अण्णा रोज रात्री जेवणाआधी काडतुसं मोजत, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणजे एक कमी असल्याचं त्यांना बावीस दिवस ठाऊक होतं. हरवलं तर ताबडतोब कळवायचं हा नियम पाळायला जो माणूस आज बूट घासून आला होता, तो एका काडतुसाबद्दल बावीस दिवस तोंड शिवून बसला होता. कारण ते कळवलं असतं, तर पोलीस विचारत मुलुंडला गेले असते.

आणि मुलुंडच त्या वेळी दारात येऊन उभं राहिलं. श्वेताच्या कडेवर गार्गी, खांद्याला बाळाची पिशवी. ती थेट टेबलापाशी आली, पिशवीच्या बाजूच्या कप्प्यातून दुधाची बाटली काढली, मग नॅपकिनमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि नऊ काडतुसांच्या ओळीच्या शेवटी ठेवलं. लाल, त्याच मापाचं, पितळेवर दातांच्या बारीक खुणा.

"हे राहिलं होतं," ती म्हणाली. "आईबाबांना दाखवायला नेलं होतं. विश्वास बसत नव्हता त्यांचा."

शेलारांनी कपाळाला हात लावला. "ताई, हे तुम्ही मुलुंडवरून आणलंत? असंच?"

"बाटलीबरोबर. का?"

"तुमच्याकडे परवाना आहे?"

श्वेतानं नितेशकडे पाहिलं. नितेशनं बॅग घट्ट धरली. घरातल्या शस्त्राला सगळ्यात जास्त विरोध करणारी बाई आता घरातली दुसरी विनापरवाना शस्त्रधारी होती आणि पहिला तो स्वतः होता. बाकावर अजून दोघांना जागा होती.

"किती दिवस होतं हे तुमच्याकडे?" मॅडमनी विचारलं.

"मीच दिलं होतं," अण्णा म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णा समोरच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत सावधान स्थितीत उभे होते.

"सांभाळायला दिलं होतं," ते म्हणाले. "मी."

"आजोबा, तान्ह्या बाळाच्या आईला काडतूस सांभाळायला?"

"आमच्या घरात ती एकच जबाबदार आहे."

श्वेतानं गार्गीला दुसऱ्या कडेवर घेतलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सासऱ्यांनी तिच्याबद्दल तिच्यासमोर काही चांगलं बोलण्याची ही पहिलीच वेळ होती. ती वेळ पोलीस ठाण्यात यावी आणि खोट्या जबाबात यावी, याचं तिला नंतर बरेच दिवस हसू येत राहिलं. त्या वेळी मात्र आलं नाही.

"कागद द्या," अण्णा म्हणाले.

शेलारांनी कागद दिला. अण्णांनी उभ्यानंच लिहायला घेतलं : मी, धाकू राजाराम परब, माझा मुलगा नितेश यास माझी बंदूक व काडतुसं ठाण्यात नेण्याचा अधिकार देत आहे. अक्षर बँकेच्या वहीतलं, टपोरं. तारीख लिहिली. 'वेळ' लिहून त्यांचा हात थांबला. गार्गीनं कडेवरून वाकून त्यांच्या खिशातलं पेनाचं टोपण धरलं आणि ओढलं. अण्णांनी ते तिच्या मुठीतून सोडवलं, तोंडात जाऊ नये म्हणून स्वतःच्या मुठीत धरलं आणि लिहिलं : सकाळी ७.३०.

लिहून झाल्यावर ते बाकावर बसले. एखाद्याला घाटात गाडी लागावी तसे बसले.

"तात्पुरती जमा करताय, की परवानाच परत करताय?" मॅडमनी विचारलं. "तात्पुरती असेल तर कधीही परत नेता येईल."

अण्णांनी सुनेकडे पाहिलं. "परत दिला तर कधी येतलंस?"

"आत्ता," श्वेता म्हणाली. "बाहेर रिक्षा थांबलीय, अण्णा."

"वेटिंग लागता तेका," अण्णा म्हणाले आणि मॅडमकडे वळले. "परत. लिहा."

पावती झाली. नितेशनं बॅग टेबलावर ठेवली. बोटं आखडली होती, ती एकेक करून सोडवावी लागली. मग तो मागच्या अंगणात गेला आणि बराच वेळ आला नाही.

दुपारी रेग्यांनी ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. "कोणाला सांगितलंत?"

"अजून कोणाला नाही," नितेश म्हणाला. "पाटी काढूया, फळीवरचं नाव पुसूया. सभेत सांगा."

"सभेत सांगितलं की इतिवृत्तात येणार. इतिवृत्त चोरानं वाचलं तर? आणि विमलाकाकूंचं काय?" रेग्यांनी आवाज खाली आणला. "परबसाहेब, बंदूक होती तेव्हा तरी कुठे चालवली कोणी? आहे एवढं लोकांना वाटणं पुरे."

"मग इतकी वर्षं खरी कशाला ठेवली होती?"

रेग्यांनी ठरावाची वही उघडली आणि मिटली. सोसायटीच्या इतिहासात प्रथमच एक निर्णय ठरावाशिवाय झाला. पाटी राहिली. पाचवी किल्लीही राहिली. ती ज्या कपाटाची होती त्यात श्वेतानं गार्गीची दुपटी आणि डायपर लावले.

"हे बरोबर नाही," नितेश रात्री अण्णांना म्हणाला. "काकूंना तरी खरं सांगायला हवं."

"सांग मग. मी नाय सांगूचंय."

तो खाली गेला. बेल वाजवल्यावर आतून एक कडी निघाली, मग दुसरी, मग साखळी. फटीतून काकूंनी आधी त्याचा चेहरा पाहिला, मग त्याचे दोन्ही हात पाहिले. "अण्णा वर आहेत ना रे? सकाळी खाकी शर्ट घालून कुठे गेलेले? माझा दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता."

"आले, काकू. चष्म्याचं काम होतं."

"मग ठीक," काकू म्हणाल्या. साखळी लागली, दुसरी कडी लागली, पहिली लागली.

नितेश वर आला तेव्हा अण्णांनी बँकेतलं स्टूल माळ्यावरून काढून दाराबाहेर, जिन्याच्या चौकात ठेवलं होतं. बंदूक होती तोवर ती कपाटात बसून राखण करत असे. आता ती नव्हती, तेव्हा कोणीतरी दिसेल असं बसायला हवं होतं. श्वेतानं आत या म्हणून तीनदा सांगितलं. अण्णा आत आले नाहीत. चार रात्री ते तिथे भिंतीला टेकून बसले आणि त्या चार रात्री विमलाकाकूंकडचा पंखा तेवढा ऐकू येत राहिला. पाचव्या दिवशी पहाटे अण्णा उठले, गुडघे चोळले, आणि चहाची वाट बघणाऱ्या नितेशला म्हणाले, "उद्यापासून सकाळची पाळी तुझी. सात ते अकरा. माका वाईच झोप नको?"

"कसली पाळी? अण्णा, आत काही नाहीय!"

"म्हणानच दोघे व्हये," अण्णा म्हणाले. "आसलेल्या बंदुकीक एक माणूस पुरता."

नितेशनं ऑफिसला कळवलं, की आठवडाभर घरून काम करेन. घरून म्हणजे दाराबाहेरून. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो स्टुलावर बसला आणि जिन्यानं येणाऱ्या जाणाऱ्यांनी त्याला आदरानं मान डोलावायला सुरुवात केली. पाचव्या मजल्यावरचा कोणीतरी 'जय महाराष्ट्र' म्हणून गेला.

साडेआठला विमलाकाकू देवळात जायला निघाल्या. खाली उतरण्याऐवजी त्या एक जिना चढून वर आल्या. हातात फुलांची परडी होती. मोकळ्या मनगटांवर आता काचेच्या हिरव्या बांगड्या.

"बापाची जागा घेतलीस हो," त्या म्हणाल्या. मग बंद दाराकडे बघून हळूच विचारलं, "आहे ना रे आत?"

"आहे, काकू."

काकू चार पायऱ्या उतरल्या आणि थांबल्या. "भरलेली?"

"नेहमी," नितेश म्हणाला.

काकू निश्चिंत मनानं देवळात गेल्या. आतून गार्गी रांगत दारापर्यंत आली होती. तिला बाहेर यायचं होतं, ती दोन्ही तळहातांनी दार बडवत होती आणि दार नुसतं लोटलेलं होतं. नितेशनं लॅपटॉपवरची नजर न काढता एक पाय लांब केला आणि दार बाहेरून दाबून धरलं. अकरा वाजायला अजून अडीच तास होते.